चाकांवरचे घर आणि हिवाळ्यातले कोल्हापूर

घरातल्या दोघांपैकी एकाचे चालणे मंदावले की प्रवास दोघांचाही थांबतो. आधी लांबची यात्रा सुटते, मग परगावची लग्नकार्ये, मग संध्याकाळचा फेरफटका. आणि कुणी विचारलेच तर धडधाकट जोडीदार म्हणतो, 'आता हौसही उरली नाही.' ही हौस खरोखरच उरलेली नसते, की पायऱ्या, शौचालये आणि दुसऱ्याच्या खांद्याची गरज यांच्या हिशेबात ती खर्ची पडलेली असते, हे कुणी तपासून पाहत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर त्याला जागा नसते.

युरोप-अमेरिकेत निवृत्त जोडपी थंडी सुरू झाली की चाकांवरचे घर घेऊन उबदार प्रदेशाकडे निघतात आणि ज्यांचे पाय साथ देत नाहीत ती सोबत इंजिनावर चालणारी तीनचाकी नेतात. घर मुक्कामापुरते, तीनचाकी गावात हिंडण्यापुरती. हे वाचताना आपल्याला वाटते, ही तिकडच्या श्रीमंतांची खेळणी आहेत. मात्र आपल्या कोल्हापुरात या दोन्ही गोष्टी आज मिळू शकतात. तीनचाकी तर इथे नवलाईची राहिलेलीच नाही. मुक्कामाची गाडी अजून दुर्मिळ आहे; परंतु २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून ती भाड्याने देणारे पुढे येऊ लागले आहेत. या दोन वाहनांच्या आधाराने गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे जिल्ह्यात आठ दिवस हिंडलो. आपल्या घरात असे कुणी असेल, तर हा प्रवास कसा आखावा आणि त्यातून काय मिळते, हे आपल्यासमोर ठेवावे म्हणून लिहीत आहे.

आमची स्थिती थोडक्यात सांगणे भाग आहे. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे आणि तीनचाकी मी तिशीपासून चालवते. माझे पती निवृत्त शिक्षक. पाच वर्षांपूर्वी मधुमेहामुळे चिघळलेल्या जखमेपायी त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. तोवर घरातले चालते पाय त्यांचे होते. कृत्रिम पाय बसवला, तो चांगला बसला, घरात ते काठीने चालू लागले. परंतु उंबरठ्याबाहेर पडणे त्यांनी सोडले. अपंगत्व मला लहानपणापासून मिळालेले, त्यामुळे त्याची लाज वाटण्याचे दिवस माझ्या शाळेतच सरून गेले होते. त्यांच्यावर ते साठीनंतर आले. पहिल्या वर्षातच त्यांनी जुनी स्कूटर विकून टाकली, आणि माझ्या तीनचाकीच्या मागे बसायलाही ते तयार नसत.

कोल्हापूरचे आणि तीनचाकीचे नाते जुने आहे. १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी या शहरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली होती. स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही उमेदीने जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या सहवासातून त्यांना पुढची वाट दिसली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. संस्थेच्या 'घरौंदा' वसतिगृहात राहून शिकलेली मुलेमुली नोकरी-व्यवसायाला लागली, आणि त्यांच्यामुळे बाजारात, बँकेत, देवळाच्या रस्त्यावर तीनचाकीला वाट करून देण्याची सवय या शहराला लागली, असे मला वाटते. पेठेतल्या अरुंद रस्त्यावर मला उतरायला वेळ लागला तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही. मोठ्या शहरांत हा अनुभव मला क्वचितच आला.

तीनचाकी हे नाव तसे फसवे. गिअर नसलेल्या साध्या स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची एकेक चाके जोडतात. मोजली तर चाके चार भरतात. अशी जोडणी नोंदणीकृत कारागिराकडून करून घेऊन परिवहन कार्यालयात तिची नोंद करावी लागते आणि चालकाचा परवानाही त्या प्रकारचा असावा लागतो. कायद्यात पूर्वी अशा वाहनाला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द जाऊन 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' आला. बदल कागदावरचा असला तरी मला तो बरा वाटला. पतींसाठी आम्ही दिवाळीनंतर एक वापरलेली तीनचाकी घेतली, परवान्याचे सोपस्कार केले आणि दीड महिना ते एका मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला, माणसे जमायच्या आत, सराव करीत होते.

या वाहनाची काही लक्षणे आपण आधी समजून घेतली पाहिजेत. साधी दुचाकी वळणावर आत झुकते, ही झुकत नाही. वळणाआधीच वेग उतरवला नाही तर बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. पुढचे चाक खड्डा चुकवते आणि बाजूचे चाक नेमके त्यात जाते. रस्त्याच्या कडेला डांबर संपून माती खाली गेलेली असते, तिथे तर विशेष जपावे. बहुतेक गाड्यांना मागे जाण्याची सोय नसते, म्हणून उतारावर भिंतीकडे तोंड करून गाडी लावली की तिला मागे ओढायला माणूस लागतो. हेल्मेट दोघांनीही घालावे. 'मी हळू तर जाते' हे कारण डोक्याला कळत नाही.

आता मुक्कामाच्या गाडीविषयी. आम्हाला मिळाली ती टेम्पो ट्रॅव्हलरच्या बांधणीची, आत दोन पलंग, छोटा फ्रिज, शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात शौचालय असलेली. चालक गाडीसोबतच होता. पाहणाऱ्यांना पलंगाचे आणि स्वयंपाकाच्या ओट्याचे कौतुक वाटे. मला विचाराल तर त्या गाडीतली खरी श्रीमंती म्हणजे तो कमोड. प्रवासात शौचालय मिळणार नाही, मिळाले तर बसता येणार नाही, या धास्तीने अपंग स्त्रिया सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. मी स्वतः चाळीस वर्षे तेच केले. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ वाढते, मुतखड्याला निमंत्रण मिळते, आणि हे सारे 'प्रवास मानवला नाही' या एका वाक्यात झाकले जाते. या आठ दिवसांत मी तहान लागेल तेव्हा पाणी प्यायले. एवढ्या साध्या गोष्टीने संध्याकाळची डोकेदुखी किती कमी होते, ते मला प्रथमच कळले.

गाडीत दोषही होते. दारातली पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट उंच होती आणि आधाराला दांडी नव्हती. आम्ही घरचे लाकडी स्टूल आणि खिडकीला बांधलेला जाड दोर यांवर काम भागवले. आपण गाडी ठरवाल तेव्हा छायाचित्रांवर विसंबू नका. पायऱ्यांची उंची, शौचालयाच्या दाराची रुंदी आणि आत वळायला किती जागा आहे, एवढे स्वतः जाऊन मोजून घ्या. मैल्याची टाकी कुठे रिकामी करणार, हेही विचारा. आम्ही मुक्कामाच्या जागी परवानगी घेऊन ती शौचकूपाच्या टाकीतच रिकामी केली. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१२ साली दूषित पाण्यामुळे इचलकरंजीत पसरलेली कावीळ अजून लोक विसरलेले नाहीत.

ऋतू हिवाळा निवडला, त्याला कारणे आहेत. पावसाळ्यात घाटवाटा निसरड्या होतात आणि शिरोळ तालुक्यात तर पुराचे भय असते. उन्हाळ्यात कॅलिपरच्या पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटते, कृत्रिम पायाच्या खोबणीतही तेच होते. हिवाळ्यात हा त्रास कमी. परंतु थंडीचे म्हणून काही दुखणे असतेच. पोलिओ झालेल्या पायात रक्ताभिसरण मंद असते. पहाटे तो पाय बर्फासारखा गार आणि निळसर पडतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी थेट ठेवू नये, लोकरीचे लांब मोजे आणि वर शाल पुरते. मधुमेहामुळे पायाची जाणीव बोथट झालेली असेल तर शेकणे अधिकच धोक्याचे, कारण भाजल्याचे कळतच नाही. थंडीत रक्तदाबही थोडा चढतो. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आम्ही बरोबर ठेवले होते. आणि एक गोष्ट कृपा करून कधीही करू नका: गाडीची दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत माणूस दगावतो.

पहिला टप्पा पन्हाळा. शिवाजी पूल ओलांडून केर्ली, वाघबीळ या वाटेने कोल्हापूरपासून अंतर जेमतेम वीस किलोमीटर. मुक्कामाची गाडी पुढे, तिच्यामागे आम्ही दोघे, असे सकाळी नऊच्या उन्हात निघालो. तासाला पंचवीस-तीसच्या वेगाने गेले की उसाच्या शेतांचा वास, गुऱ्हाळाचा धूर, ओल्या मातीचा गारवा हे सारे अंगाला लागते. बंद मोटारीतून तीसेक वेळा केलेला हा रस्ता मला नवा वाटला. वाघबीळनंतर चढ लागतो. पतींची गाडी दोनदा धापा टाकत थांबली आणि दोन्ही वेळा त्यांनी मला मागे वळून हाताने 'तू पुढे हो' असे खुणावले. मी पुढे झाले नाही, थोडे अंतर ठेवून थांबले.

महाराष्ट्रातल्या शेकडो किल्ल्यांत आमच्यासारख्यांना आपल्या वाहनावरून पोहोचता येईल असे फार थोडे. पन्हाळा त्यांपैकी एक, कारण गडावर नांदते गाव आहे आणि गाडीरस्ता थेट माथ्यावर जातो. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला, त्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज भर पावसात इथूनच विशाळगडाकडे निघाले आणि मागे बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. आर्याकार मोरोपंतांचा जन्मही इथलाच. अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे बाहेरून, गाडीवर बसल्या बसल्या निवांत न्याहाळता येतात. त्या दगडी भिंतींची जाडी पाहून वेढ्यातले महिने कसे निघाले असतील याची कल्पना येते. सज्जा कोठीपर्यंतही रस्ता आहे. वरच्या मजल्यावर जाण्याचा मोह मी आवरला, आणि खालच्या दरीवरून येणारा वारा खाली उभे राहूनही पुरेसा लागतो, असे माझे मत आहे.

तीन दरवाजापाशी एका शाळेची सहल आली होती. पती नोकरीत असताना दर हिवाळ्यात मुलांना घेऊन इथेच येत आणि अंधारबावीची तीन मजली रचना समजावून सांगत. त्या दिवशी ते तीनचाकीवरून उतरून काठी शोधत होते, तेवढ्यात चौथी-पाचवीतली पाच-सहा मुले भोवती जमली. एकाने सरळ विचारले, "आजोबा, ह्यो पाय खोटा हाय काय?" त्यांच्या शिक्षिका ओशाळून धावत आल्या. मीही धास्तावले, कारण घरी आलेल्या पाहुण्यांनी पायाकडे पाहिले तरी हे खोलीत निघून जात. त्यांनी काठी उचलली, नडगीवर दोनदा टकटक केले आणि म्हणाले, "खोटा नाही बाळ, बनवलेला आहे." मग जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर प्रमोद सेठी यांनी रबराचा हा पाऊल घडवण्याचा मार्ग कसा शोधला, त्याने अनवाणी चालता येते, शेतात चिखलातही उतरता येते, हे पंधरा मिनिटे सांगत राहिले. अंधारबाव बाजूलाच राहिली. ती मुलांना शिक्षिकांनी दाखवली असेल.

उतरताना मात्र आम्ही फार जपलो. या स्कूटरना इंजिनाचा रोध कमी, सारा भार ब्रेकवर येतो आणि सलग दाबून ठेवला तर ब्रेक तापून ढिला पडतो. दर दोन वळणांनी थांबून, पुढचा-मागचा ब्रेक आलटून-पालटून वापरत आम्ही वाघबीळला आलो. थांबण्याचा दुसराही लाभ आहे. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. तासातून एकदा तरी पावले वरखाली हलवावीत, ज्यांना पाय हलवता येत नाही त्यांच्या जोडीदाराने ते हाताने हलवावेत. ज्यांना कमरेखाली स्पर्शच कळत नाही अशांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांच्या आधाराने अंग उचलून बसण्याच्या जागेवरचा दाब मोकळा करावा. अंथरुणातल्या जखमा अंथरुणातच होतात असे नाही.

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे, नृसिंहवाडीला. हा पन्नासएक किलोमीटरचा पल्ला तीनचाकीने करू नये असे माझ्या डॉक्टरांचे म्हणणे होते. पोलिओतून सावरल्यावर कित्येक दशकांनी उरलेले स्नायू पुन्हा थकू लागतात. 'व्यायामाने सुधारेल' म्हणून त्यांना राबवले तर ते अधिक दुबळे होतात. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु माझ्या पिढीतली माणसे अजून आहेत, आणि त्यांच्या या नव्या थकव्याला आळस समजले जाते. तेव्हा 'छोटा हत्ती' म्हणतात तो लहान टेम्पो ठरवून, दोन फळ्या लावून तीनचाक्या त्यात चढवल्या आणि आम्ही मुक्कामाच्या गाडीत आडवे झालो.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तपादुकांचे मंदिर घाटाच्या पायऱ्या उतरून खाली आहे. मी वरूनच नमस्कार केला. खाली उतरता येत नाही याची खंत पूर्वी वाटे, आता तितकीशी वाटत नाही. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी यांच्या दुकानांसमोर मात्र मधुमेही माणसाची परीक्षाच असते. पतींनी कवठाच्या बर्फीचा एक तुकडा घेतला, आणि तो जेवणानंतर खायचा या अटीवर मी गप्प राहिले. वाहन चालवणाऱ्या मधुमेही व्यक्तीला खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा असतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे धूसरपणा जाणवला की गाडी लगेच बाजूला घेऊन साखर तोंडात टाकावी. निघण्यापूर्वी एकदा रक्तातली साखर मोजून घ्यावी. इन्सुलिन ठेवायला गाडीतला फ्रिज उपयोगी पडला. ते गोठू मात्र देऊ नये.

कुरुंदवाडवरून खिद्रापूरला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तीनचाकीने गेलो. रस्ता सपाट, दोन्हीकडे ऊस. कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातले. बाहेरच्या बाजूला पायथ्याशी दगडी हत्तींची रांग, जणू सारा भार त्यांच्याच पाठीवर. शिवमंदिर असून समोर नंदी नाही. पुढचा स्वर्गमंडप आपण आयुष्यात एकदा तरी पाहावा असा आहे: वर्तुळात उभे असलेले बारा खांब, त्यांच्या भोवती आणखी, एकूण ४८, आणि मधोमध छताला गोल झरोका, ज्यातून थेट आकाश दिसते. बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या वर्तुळात येतो म्हणून लोक जमतात. आम्ही गेलो ती साधी सकाळ होती, आणि शिळेवर उन्हाचे एक तिरपे वर्तुळ पडले होते. मंडपात चढायला पायऱ्या आहेत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी काठीवर, आणि वर पोहोचल्यावर आम्हाला दोघांनाही हसू आले, कारण दोघांत मिळून धड पाय दोनच होते. शिळेजवळ बसून वर पाहिले. मान दुखेपर्यंत पाहिले.

याच रस्त्यांवर हिवाळ्यात आपल्याला आणखी काही जोडपी भेटतील. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ही जोडपी ऐन थंडीत लेकरांसह इकडे येतात. त्यांचे घरही चाकांवरूनच आलेले असते आणि कारखान्याच्या परिसरात पालाची कोपी होऊन उतरते. तिथे शौचालय नसते. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. या स्त्रियांपैकी हजारोंची गर्भाशये काढून टाकली गेल्याचे २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आले, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या गाडीतला कमोड पाहायला आलेल्या एका तोडकरी बाईने दार लोटून आतला नळ सोडून पाहिला आणि एवढेच म्हटले, "पाणी बी येतंय व्हय." मला तिला काही उत्तर सुचले नाही. आपण या भागात गेलात तर संध्याकाळी सहानंतर तीनचाकी रस्त्यावर काढू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अनेकदा मागे दिवा किंवा चमकपट्टी नसलेलेच असतात.

गुऱ्हाळावर एक थांबा अवश्य घ्यावा. काहिलीत रस उकळत असतो, मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात, फेसाचा रंग हिरव्यावरून सोनेरी होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ताजी काकवी बोटावर घेऊन चाटण्यासारखे सुख थोडे. तरीही 'गूळ नैसर्गिक, म्हणून मधुमेह्याला चालतो' हा समज चुकीचा आहे. रक्तातली साखर तो साखरेप्रमाणेच वाढवतो.

शेवटचे दोन मुक्काम राधानगरीला. भोगावतीवरच्या या धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि गावाला लेकीचे, राधाबाईंचे नाव दिले. महाराजांच्या हयातीत धरण पुरे झाले नाही, परंतु पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे आजही पावसाळ्यात जिल्ह्याच्या बातम्यांत असतात. दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आपली तीनचाकी नेण्याचा विचारही करू नये. वाटाड्यासह जीपने जावे. आम्हाला एक गवा दिसला, तोही लांबून, आणि तो आमच्याकडे ढुंकूनही न पाहता झाडीत गेला. इथल्या रात्री बऱ्याच गार होत्या. चालकाने बाहेर शेकोटी केली. "काका, जरा सरकून बसा, काकीस्नी ऊब लागंना," असे तो म्हणाला, आणि पती स्टूल घेऊन शेकोटीच्या पलीकडे बसले. त्या रात्री त्यांनी पायाचे खोबण काढून सर्वांसमोर उरलेल्या भागाला तेल लावले. हे काम पाच वर्षे बंद दाराआड चालत असे.

परतताना ३१ जानेवारी होती. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडावीत अशी ती रचना. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. गर्दी एवढी होती की आम्ही महाद्वार रोडच्या तोंडाशीच तीनचाक्या लावून पश्चिमेच्या सूर्याकडे पाहिले आणि घरी आलो.

प्रवासानंतरचे दोन दिवस रिकामे ठेवा. कॅलिपरच्या पट्ट्याखाली, खोबणीच्या कडेने, चांगल्या पायाच्या बोटांमध्ये आरसा धरून लाल ठिपके, फोड शोधा. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर दाब येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. पतींच्या उरलेल्या पायाच्या करंगळीला असा एक ठिपका मिळाला, बूट बदलल्यावर तो गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला न सांगता बाहेर पडले. तासाभराने परत आले तेव्हा तीनचाकीच्या हुकाला किटली होती. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, तिथे नोकरीत असताना ते रोज जात. कट्ट्यावर जुने सोबती भेटले, पाय बघितला, आणि उद्याही ये म्हणाले. दूध तिथेच पिण्याचा आग्रह झाला होता, तो त्यांनी मोडला. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे ताप येतात, हे त्यांना ठाऊक आहे. आम्ही ते घरी उकळून घेतले.